रायवळ मांजराची जात



मराठीच्या निवृत्त प्राध्यापिकेने या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर बोलावे, नाहीतर होळकरांच्या काळापासून इंदुरात रुजलेल्या मराठी परंपरेवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार आणि ती रास्तही आहे. मी मात्र आज एका मांजरीविषयी बोलणार आहे. चिटणिसांना मी विषय कळविला तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे त्यांना मात्र या विषयाचे नवल वाटले नसते, असा माझा विश्वास आहे.

सर आम्हांला विज्ञान शिकवीत. आठवड्यातून एकदा ते येताना एखादे पान, शेंग नाहीतर पीस घेऊन येत, ते टेबलावर ठेवीत आणि म्हणत, ‘‘नाव कोणी सांगायचे नाही. आधी दहा गोष्टी लिहा.’’ पान पिंपळाचे असे. ते पिंपळाचे आहे हे न कळणारा मुलगा वर्गात एकही नसे. तरीही आमची लेखणी तिसऱ्या-चौथ्या गोष्टीपाशी अडे. नाव ठाऊक झाले की पाहण्यासारखे काही उरले नाही, असे आम्हांला वाटत असे. या गोष्टीला साठ वर्षे होत आली. सरांचा तो तास मी विसरले नव्हते. पण तो माझ्या अंगी कितपत मुरला होता याची परीक्षा एका मांजरीने घेतली आणि तीत मी अनुत्तीर्ण झाले, हे प्रथमच सांगून टाकते.

२०२१ च्या पावसाळ्यात आमच्या जिन्याखाली मांजराचे एक पिल्लू येऊन बसले. आई दिसली नाही, भावंडेही दिसली नाहीत. पांढरेशुभ्र, अंगावर जरा लांब केस, शेपटी झुपकेदार. एक डोळा निळा आणि दुसरा मधासारखा पिवळसर. डोक्यावर दोन कानांच्या मध्ये काजळाचे बोट पुसावे तसा एक राखी डाग होता, तो पुढे वर्षभरात नाहीसा झाला. माझी आजी मांजरीला ‘भाटी’ म्हणे. आता तो शब्द घरात कोणाला कळत नाही. पिंजलेल्या कापसासारखी दिसे म्हणून आम्ही तिला ‘कापशी’ म्हणू लागलो.

कापशी घरात आल्यावर आठ दिवसांच्या आत तिच्या कुळाचा शोध सुरू झाला. पुण्याच्या नातीने दूरध्वनीवरच्या चित्रावरून निर्णय दिला : ‘‘आजी, ही टर्किश अंगोरा आहे!’’ तिच्या मोबाइलमध्ये चित्र पाहून जात सांगणारी काही सोय होती. गंमत अशी की दुसरे चित्र दाखविले तेव्हा त्याच यंत्राने तिला पर्शियन ठरविले. कापशी ओरडे फार मोठ्याने; पहाटे तिचा आवाज दोन घरे पलीकडे जाई. त्यावरून समोरच्या वहिनींनी सांगितले, की आई सयामी असली पाहिजे, सयामी मांजरे अशीच बोलघेवडी असतात आणि डोळाही निळा आहेच. दूधवाल्याने तर ‘‘माताजी, नस्ल अच्छी है, बाहर मत छोड़ना’’ म्हणून बजावले.

आणि मी? मला तुर्की कुळ पसंत पडले. कारण कापशीचा स्वभाव. हाक मारली तरी मान वळवायची नाही, ताटलीचा आवाज झाला तरी उठायचे नाही, रागावले तरी ढिम्म. सुलतानाच्या जनानखान्यातली राणी जणू. आम्ही तिच्या या तोऱ्याचे कौतुक करीत असू आणि प्रसंगी त्यावरून तिला बोलही लावीत असू. ‘‘माज आहे जातीचा’’ हे वाक्य माझ्या तोंडून किती वेळा गेले असेल याचा हिशेब नाही.

येथे थोडे थांबून ‘जात’ या शब्दाकडे पाहू. माझा व्यवसायच तो आहे, तेव्हा क्षमा असावी. ‘जन्’ म्हणजे जन्मणे या धातूपासून संस्कृतात ‘जाति’ आणि तिच्यापासून आपली ‘जात’. हिंदीत जनावराला ‘नस्ल’ आणि माणसाला ‘जाति’ अशी सोयीची वाटणी आहे. मराठीत आंब्याला जात असते, तांदळाला असते, बैलाला असते आणि माणसालाही असते. गुणाचे मूळ जन्मात शोधण्याची सवय या शब्दाच्या सगळ्या गोतावळ्याला आहे : ‘जात्याच हुशार’, ‘जातिवंत घोडा’, इतकेच काय, ‘जातिवंत कलावंत’सुद्धा. माणसाची जात कळली म्हणून त्याचा गुण कळत नाही, हे आपण व्यासपीठावरून मान्य करतो. सर तर हजेरी घेतानाही आडनावे उच्चारीत नसत, नुसत्या नावाने पुकारीत. पण घरात मांजर आले की तोच प्रश्न आपण निर्धास्तपणे विचारतो, कारण तेथे तो निरुपद्रवी वाटतो. तो निरुपद्रवी नाही, हे मला ठेच लागल्यावर समजले.

जनावराची जात म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यावे. आपल्या माळव्याचा माळवी बैल किंवा माणदेशाचा खिलार यांचे रूप टिकले ते मनुष्याने वळू निवडला, गाय निवडली आणि पिढ्यान्‌पिढ्या अन्य मेळ होऊ दिला नाही म्हणून. ओढकामाला, नांगराला विशिष्ट बांध्याचे जनावर हवे होते, त्यामुळे ही निवड झाली. मांजराकडून मनुष्याला काय हवे होते? उंदीर मारणे. ते काम आफ्रिकेतील व पश्चिम आशियातील रानमांजर आपण होऊनच उत्तम करीत होते. धान्याची कोठारे झाली, कोठारांत उंदीर झाले आणि उंदरांमागून मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले आहे, इतका हा सहवास जुना. परंतु या हजारो वर्षांत मांजराचा जोडीदार मनुष्याने निवडल्याची उदाहरणे अगदी थोडी. तो कारभार त्यांनी रात्रीच्या वेळी कौलांवर परस्पर उरकला.

मांजरांच्या ‘जाती’ मोजण्याची हौस ही मुख्यतः व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन वियर नावाच्या चित्रकाराने १३ जुलै १८७१ रोजी मांजरांचे मोठे प्रदर्शन भरविले. बक्षीस द्यायचे तर वर्ग हवेत, वर्ग पाडायचे तर लक्षणे हवीत आणि लक्षणे टिकवायची तर वंशावळीची वही हवी. या क्रमाने जाती आल्या. म्हणजे आज आपण ज्यांची नावे आदराने घेतो त्या बहुतेक जाती जेमतेम दीडशे वर्षांच्या आहेत, कित्येक तर या सभागृहात बसलेल्या माझ्या वर्गमित्रांहून वयाने लहान आहेत. त्यांची संख्यासुद्धा कोणाला विचाराल त्यावर अवलंबून : अमेरिकेतील एक संस्था पन्नासच्या आत मोजते, दुसरी सत्तरीच्या पुढे जाते.

नावांचे तर काही विचारूच नका. ‘बाँबे’ नावाची मांजराची एक जात आहे. मुंबईकरांनी अभिमान बाळगण्याचे कारण नाही. ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील केंटकी राज्यात, ब्रह्मी मांजर आणि काळे अमेरिकन मांजर यांच्या संकरातून मुद्दाम घडविली गेली. घरात छोटा काळा बिबळ्या असावा ही हौस, आणि काळा बिबळ्या म्हटला की हिंदुस्थान आठवणार, म्हणून मुंबईचे नाव! ‘हिमालयन’ मांजराने हिमालय पाहिलेला नाही; ते पर्शियन आणि सयामी यांचे अपत्य. पर्शियन मांजराची कथा याहून मौजेची आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात जगभरची मांजरे तपासली तेव्हा आजचे पर्शियन मांजर इराणकडच्या मांजरांपेक्षा पश्चिम युरोपातल्या साध्या मांजरांच्या अधिक जवळचे निघाले. नाव तेवढे इराणी राहिले, रक्त निवडीच्या ठिकाणचे झाले.

मग आपल्या गल्लीतल्या मांजराची जात कोणती? इंग्रजीत अशा मांजराला जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘वाटेल तसे पैदा झालेले’ असा होतो. तो मला अपमानकारक वाटतो. आपण ‘गावठी’ म्हणतो, त्यातही नाक थोडे वर जातेच. मला वाटते याला चोख मराठी शब्द आहे आणि तो आंब्याच्या बागेत आहे : रायवळ. हापूस, पायरी हे कलमी आंबे. कलम म्हणजे एकाच झाडाची फांदी पुन्हापुन्हा लावीत जाणे. म्हणून एका हापुसासारखा दुसरा. रायवळ म्हणजे कोयीपासून आपोआप उगवलेले झाड. त्याचे फळ आईच्या फळासारखे निघेलच असे नाही. एक गोड, शेजारचे आंबट, तिसरे दोरेदार. रायवळाच्या फोडीला हापुसाची चव लागली तरी त्याच्या वंशात हापूस होताच असे कोणी शहाणा बागाइतदार म्हणत नाही. साम्य आहे, नाते सिद्ध नाही. जगातली बहुसंख्य मांजरे रायवळ आहेत. शिवाय मांजरी एका माजावर अनेक बोक्यांशी रमू शकते. त्यामुळे एकाच वेताच्या चार पिल्लांना तीन बाप असणे अशक्य नाही. भावंडे पाहूनही कुळ ठरविता येत नाही ते यामुळे.

आता कापशीच्या बाबतीत आम्ही जे पुरावे मानले होते ते एकेक तपासू. लांब केस : हे लक्षण दडून राहणारे आहे. आई आणि बाप दोघेही आखूड केसांचे असले आणि दोघांनीही त्या जनुकाची एकेक प्रत पोटात बाळगली असली, तर पिल्लू झुपकेदार निपजते. त्यासाठी पर्शियन पूर्वज शोधण्याची गरज नाही. तीनरंगी कबरी मांजर घ्या. ती जात नव्हेच. तांबूस रंगाचे जनुक लिंगनिश्चिती करणाऱ्या ‘एक्स’ गुणसूत्रावर असते, म्हणून कबरे मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. ते जनुक नेमके कोणते, हे जपानी व अमेरिकन संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. आपल्या आजीबाईंना त्यातले अर्धे निरीक्षणाने ठाऊक होते.

आणि पांढरा रंग? येथे मला सर्वांत जास्त वेळ घालवायचा आहे. कापशीचा पांढरेपणा हा खरे तर रंगच नव्हे. एका प्रबळ जनुकामुळे रंगपेशी त्वचेपर्यंत पोहोचत नाहीत, पोहोचल्या तरी टिकत नाहीत. आतून मांजर काळे असो, पट्टेरी असो की तांबूस, वर पांढरी चादर पडते. पिलाच्या डोक्यावरचा तो पुसट डाग म्हणजे चादरीखालच्या रंगाची किनार. त्या रंगपेशी बुबुळात पोहोचल्या नाहीत तर डोळा निळा दिसतो. याच पेशींची आणखी एका ठिकाणी गरज असते, ते म्हणजे आंतरकर्ण. तेथील द्रवाचे रासायनिक संतुलन त्या राखतात. त्या नसल्या तर जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच ऐकण्याच्या नाजूक पेशी नष्ट होतात आणि त्या पुन्हा येत नाहीत.

डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथातच निळ्या डोळ्यांच्या मांजरांच्या बहिरेपणाचा उल्लेख केला आहे. पुढे प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, पांढऱ्या मांजरांपैकी दोन्ही डोळे निळे असतील तर शेकडा ६५ ते ८५ बहिरी निघतात, एकच निळा असेल तर सुमारे ४०, आणि एकही निळा नसेल तरी १७ ते २२. सयामी मांजराचे डोळे निळे असतात, पण त्याचे कारण निराळे : तेथे रंगपेशी जागेवर असतात, त्या रंग मात्र नीट तयार करू शकत नाहीत. म्हणून सयामी निळ्या डोळ्यांनी पाहते आणि उत्तम ऐकते. समोरच्या वहिनींनी ज्या निळाईवरून सयामी आई काढली ती निळाई वेगळीच गोष्ट सांगत होती. एकच रंग, दोन अर्थ. भाषेच्या विद्यार्थिनीला हे तरी सुचायला हवे होते.

२०२२ च्या दिवाळीच्या सुमारास शेजाऱ्यांची मोटार अंगणातून मागे येत होती. त्यांनी भोंगा वाजविला, मी ओट्यावरून ओरडले, मोलकरणीने हातातला तांब्या आपटला. कापशी चाकाकडे पाठ करून उन्हात पंजा चाटीत बसली होती. ती हलली नाही. शेजाऱ्यांनी आरशात पाहून गाडी थांबविली, तरी शेपटीचे टोक चाकाखाली गेलेच.

जनावरांच्या डॉक्टर म्हणजे महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेली एक तरुण मुलगी. शेपटी बांधून झाल्यावर मी, का कोण जाणे, अभिमानाने म्हणाले, ‘‘तुर्की अंगोरा आहे म्हणतात.’’ तिने त्यावर काहीच उत्तर दिले नाही. ती कापशीच्या मागे गेली, वारा लागू नये आणि सावली पडू नये इतके अंतर ठेवून तिने किल्ल्यांचा जुडगा वाजविला. कान हलले नाहीत. धातूचे भांडे वाजविले. नाही. मग तिने टेबलावर हलकेच बोट टेकविले, तशी कापशी गर्रकन वळली. ‘‘आजी, हिला ऐकू येत नाही. दोन्ही कानांनी. जन्मापासून असावे,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्या लक्षात आले नाही?’’

सव्वा वर्ष ती माझ्या घरात होती. हाकेला ओ न देणे हा तोरा नव्हता. पहाटेचे ते ओरडणे सयामी वाचाळपणा नव्हता. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू न येणारी मांजरे पुष्कळदा तसेच मोठ्याने ओरडतात. आमच्यापाशी प्रत्येक लक्षणाला जातीचे उत्तर तयार होते, आणि उत्तर तयार असल्यामुळे चवथी गोष्ट लिहायला कोणी लेखणी उचललीच नाही. माझ्या स्वतःच्या डाव्या कानात श्रवणयंत्र आहे. ते येण्यापूर्वी एका लग्नात मी कोणाच्या तरी नमस्काराला उत्तर दिले नाही म्हणून ‘प्राध्यापकबाईंना गर्व फार’ असा बोभाटा झाला होता आणि मी त्यावर चार दिवस कष्टी होते. तोच न्याय मी त्या मुक्या जीवाला लावीत होते, याची शरम मला शेपटीच्या जखमेहून अधिक काळ पुरली.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी अशी सापडलेली मांजरे आहेत, म्हणून डॉक्टरीणबाईंनी मला जे सांगितले त्यातले उपयोगाचे तेवढे सांगते. जात ओळखू नका. वय, लिंग, डोळे, कान, दात ओळखा. साडेतीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडतात, त्यावरून वयाचा बरा अंदाज येतो. मादी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, तेव्हा शस्त्रक्रिया लांबवू नका. रेबीजची लस चुकवू नका. मांजर पांढरे असेल तर माळव्याच्या उन्हात त्याला दुपारचे बाहेर सोडू नका. रंगहीन कानांच्या कडांना आणि नाकाला उन्हाने कर्करोग होऊ शकतो. कान तपासताना पाय आपटू नका, टाळीचा वारा लागू देऊ नका. बहिरे मांजर कंपनावरून वळते आणि आपण फसतो. ओट्यावर आपटलेल्या माझ्या पावलांनी ती पूर्वी कधीकधी वळे, म्हणूनच तिला ऐकू येते असा माझा समज दृढ झाला होता.

ज्यांना कुतूहल आवरत नाही त्यांच्यासाठी गालाच्या आतली लाळ तपासून वंश सांगणाऱ्या परीक्षा आता निघाल्या आहेत. पण त्या परीक्षा तरी काय करतात? नोंदलेल्या जातींच्या नमुन्यांशी आपल्या मांजराचे जनुक ताडून पाहतात. रायवळ मांजर कोणाच्या किती जवळचे, एवढेच त्या सांगू शकतात. जवळचे म्हणजे वंशातले नव्हे. नातीने पैसे पाठविण्याची तयारी दाखविली होती. मी नको म्हटले.

आता आमच्या घरात कापशीला बोलवायचे तर दिव्याची कळ दोनदा खालीवर करतात. जेवणाच्या वेळी फरशीवर टाच टेकवितात. ती अंगणात एकटी जात नाही. झोपली असता तिला कोणी एकदम हात लावीत नाही. आधी गादी हलके दाबतात. शेपटीचे टोक गेले, बाकी प्रकृती उत्तम आहे. दवाखान्यातील तिच्या कार्डावर ‘जात’ या रकान्यात डॉक्टरांनी ‘देशी, लांब केस’ असे लिहिले आहे. त्याखाली तांबड्या शाईने, जरा मोठ्या अक्षरात : ‘दोन्ही कान बंद. समोरून जावे.’